भाडेकरू राहत असलेला फ्लॅट: खरेदीखत आधी की ताबा आधी? (पहिलंच घर, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बरंच हिंडल्यावर सोसायटीतला एक जुना टू बीएचके आम्हा दोघांनाही पसंत पडलाय. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या खरेदीखतांची साखळी, सगळं वकिलांनी पाहिलं, ठीक आहे म्हणाले. घोडं एकाच जागी अडलंय. घरात भाडेकरू आहेत. नवरा-बायको, शाळकरी मुलगी आणि आजी. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत आहे, ३६ महिन्यांचा, आणि त्यातलं जवळजवळ वर्ष बाकी आहे.

मालक म्हणतात, "तुम्ही खरेदीखत उरकून घ्या, त्यांना मी सांगतो, महिन्याभरात निघतील." एजंटचं वेगळंच: "राहू द्या की त्यांना, आयतं भाडं सुरू आहे." अहो, पण आम्हाला राहायला घर हवंय! आम्ही स्वतः भाड्याने राहतो. हप्ता सुरू झाला आणि ताबा नाही मिळाला, तर हप्ताही भरा आणि भाडंही भरा.

घर बघायला गेलो तेव्हा त्या ताईंनीच दार उघडलं. सगळं दाखवलं, आणि निघताना विचारलं, "तुम्ही स्वतः राहायला घेताय का?" घर विकायला काढलंय हे मालकांनी त्यांना धड सांगितलेलंच नव्हतं. काय बोलावं सुचेना. शिवाय बेडरूमच्या भिंतींना कपाटं लावलेली, त्यामागे ओल आहे की नाही तेही कळलं नाही.

तर प्रश्न असे: घर आमच्या नावावर झालं की त्यांचा करार आम्हाला बांधील असतो का? नाही निघाले तर काय? आणि त्यांचं डिपॉझिट द्यायचं कोणी?

— पहिलं_घर

---

सरळसोट: रिकामा ताबा मिळाल्याशिवाय खरेदीखत नाही. "मी सांगतो, निघतील" हे मालक आज म्हणतोय, कारण त्याचे पैसे अडकलेत. पैसे मिळाल्यावर तो तुमचा फोनसुद्धा उचलणार नाही.

---

कोर्टाची_पायरी: आधी घरात बसलेला माणूस कायद्याने कोण आहे ते बघा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ३ नुसार प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाचा जो काही हक्क असेल, तो खरेदीदाराला माहीत होता असंच धरलं जातं. "आम्हाला कोणी सांगितलं नाही" हे नंतर चालत नाही.

तो खरोखरच भाडेकरू असता, तर कलम १०९ प्रमाणे तुम्ही मालकाच्या जागी आला असता आणि भाडेपट्टा तसाच पुढे चालला असता. वर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू. "मला स्वतःला राहायला हवंय" हे कलम १६ खाली कोर्टात सिद्ध करा, त्यातही अडचण कोणाची मोठी हे कोर्ट तोलणार. पागडीची (जुन्या भाडेकरूचा हक्क असलेली) जागा असती तर मी सरळ सांगितलं असतं, पहिलं घर म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्याकडे लिव्ह अँड लायसन्स आहे, म्हणजे फक्त वापरायची परवानगी. सुविधाधिकार कायदा, १८८२ चं कलम ५९ म्हणतं की परवानगी देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याला दिली, तर नवा मालक त्या परवानगीला बांधील नसतो. म्हणजे कागदावर तुम्ही मोकळे. पण कागदावर मोकळे असलात म्हणून आजींचा पलंग काही आपोआप हलत नाही.

करार संपूनही कोणी निघालं नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. हा मार्ग नेहमीच्या दाव्यापेक्षा बराच सुटसुटीत. मात्र खरी मेख पुढे आहे. मालकाच्या मृत्यूमुळे जो नवा मालक झाला, तो या कलमात स्पष्टपणे धरलेला आहे. विकत घेणाऱ्याचा तसा उल्लेख नाही. समोरच्याच्या वकिलाला वाद घालायला तेवढी फट पुरते. म्हणून घर रिकामं करून घेण्याचं काम आत्ताच्या मालकाच्याच गळ्यात ठेवा, त्याच्या नावावर घर असतानाच.

करारातलं नोटिशीचं आणि लॉक-इनचं (ठरावीक काळ करार मोडता येत नाही, ते) कलम वाचलंत का?

---

रेवती_क: मी याच प्रकारात भाडेकरूच्या बाजूला होते, म्हणून लिहिते. आम्हाला घर विकल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं. घर सोडावं लागण्याचा राग नव्हता, जायचं तर होतंच कधीतरी. भीती डिपॉझिटची होती. जुना मालक म्हणे नव्या मालकाकडे मागा, नवा म्हणे मी घेतलंच नाही तर देऊ कुठून?

डिपॉझिट ज्याने घेतलं त्यानेच परत करावं, आणि तुमची शेवटची रक्कम त्याच्या हातात पडण्याआधी. किल्ल्या, डिपॉझिट, करार संपल्याचं दोघांच्या सहीचं पत्र आणि रिकामा ताबा दिल्याची पावती, हे एकाच बैठकीत उरका. त्या ताईंशी जरूर बोला, पण मालकाला शेजारी बसवून. तुम्ही एकट्याने "कधी निघताय" विचारलंत की ती दमदाटीच वाटते.

---

पहिलं_घर: सगळ्यांचे आभार. करार वाचला. लॉक-इन संपलंय, त्यानंतर दोघांपैकी कोणीही एक महिन्याच्या नोटिशीने करार संपवू शकतं. मालकांना घेऊन काल भेटलो. भाडेकरूंना मुलीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत राहायचंय, नंतर जायला तयार आहेत. आजी म्हणाल्या, "आधीच विचारलं असतंत तर आम्हीच सांगितलं असतं." आम्हाला तेवढं थांबता येईल. पण मालकांना विसार आत्ताच हवाय. मग साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) आत्ता करावं का?

---

कोर्टाची_पायरी: करा, पण नोंदणीकृत. मुद्रांक शुल्क साठेखतावर भरलंत की खरेदीखताच्या वेळी ते धरलं जातं, दोनदा भरावं लागत नाही. त्यात तीन गोष्टी हव्यातच. अमुक तारखेपर्यंत रिकामा ताबा, तो न दिल्यास विसार परत आणि उशिराबद्दल ठरलेली भरपाई. बँकेची मोठी रक्कम ताब्याच्या दिवशीच सुटेल असं बघा. कर्जाच्या मंजुरीपत्राची मुदत त्याआधी संपत असेल तर वाढवून मिळते का, ते शाखेत आत्ताच विचारा. आणि मालकाने नोटीस लेखी द्यावी, भाडेकरूंनी ती मिळाल्याची सही करावी. तोंडी "जाऊ परीक्षेनंतर" याला अर्थ नाही, माणसं कितीही चांगली असली तरी.

सरळसोट: आणि कपाटं हलवल्यावर भिंती बघा. ओल निघाली तर काय, तेही साठेखतातच लिहून घ्या.