फ्लॅटवाल्यांना सोलरची सबसिडी कागदावरच का? आधी गच्चीचा नियम बदला

तिसरा_मजला
घराच्या छपरावर सोलर बसवायला सबसिडी देणारी केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ७५,०२१ कोटींची, एक कोटी घरांसाठी. पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे घरामागे जास्तीत जास्त ७८ हजार. स्वतःचं छप्पर असेल त्याने अर्ज करायचा आणि पॅनल बसवायचे. आमच्याकडे ३२ फ्लॅट आणि गच्ची एक. सोसायटीला किलोवॅटला १८ हजार मिळतात पण ते लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग असल्या कॉमन वापरासाठी, माझ्या घरच्या बिलात त्याने एक रुपया कमी होत नाही. दोन वर्षं झाली मी सर्वसाधारण सभेत हा विषय मांडतेय आणि दोन्ही वर्षी एकच उत्तर, गच्ची सगळ्यांची आहे, एकट्याला कशी द्यायची.
माझं म्हणणं स्पष्ट आहे. सोलरपुरता गच्चीतला आपल्या वाट्याचा भाग वापरायचा हक्क प्रत्येक फ्लॅटधारकाला कायद्यानेच द्या. सोसायटीने अटी घालाव्यात पण नाही म्हणायचा अधिकार तिला नको. हे होत नाही तोवर शहरातल्या निम्म्या लोकांसाठी ही योजना नसल्यासारखीच आहे.

माजी_सेक्रेटरी
ताई, नऊ वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितोय. हक्क द्या म्हणणं सोपं आहे, गळतीची तक्रार घेऊन वरच्या मजल्यावरचे लोक रात्री दहाला कोणाच्या दारात येतात ते मला विचारा. आमच्याकडे एकाने परवानगी घेऊन पॅनल लावले, ठेकेदाराच्या माणसांनी सरळ कोब्यात ड्रिल मारून स्टँडचे पाय बसवले, दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या बेडरूमचं प्लास्टर फुगून पोपडे पडायला लागले आणि ठेकेदाराचा फोन लागेना. खर्च शेवटी मेंटेनन्समधून म्हणजे सगळ्यांच्या खिशातून गेला.
आणि हिशोब करा ना. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात. ३२ घरं गुणिले ३ किलोवॅट म्हणजे ९६०० चौरस फूट. टाक्या, लिफ्टची मशीनरूम, डिश वगळून तुमच्याकडे मोकळी गच्ची किती आहे? हक्क दिला की पहिले आठ जण जागा अडवणार आणि उरलेले चोवीस आमच्याकडे भांडायला येणार. नाही म्हणायचा अधिकार सोसायटीकडेच हवा.

तिसरा_मजला
काका, म्हणूनच मी "आपल्या वाट्याचा भाग" म्हटलं. गच्ची ३२०० फूट मोकळी असेल तर घरटी १ किलोवॅट येतो. १ किलोवॅटचे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तरी महिन्याला १२० होतात, दोन माणसांच्या घराचं बिल बरंचसं निघतं त्यात. आणि ३२ वेगळे स्टँड कशाला उभारायचे? एकच प्लांट लावायचा आणि तयार झालेले युनिट ज्याच्या त्याच्या बिलात वाट्याप्रमाणे वळते करायचे. व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात त्याला, दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच त्याचे नियम काढलेत. म्हणजे रस्ता आहे, आपल्या सोसायट्यांना तो कोणी सांगतच नाही.

वायरमन
धंद्यातला माणूस आहे, दोन चार गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे वीज कंपनीत अर्ज अडकलाय हे कारण आता घरगुती लोकांनी ऐकूनच घेऊ नये, वीज ग्राहक हक्क नियमांच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर १० किलोवॅटपर्यंत फिजिबिलिटी तपासणीची, म्हणजे जोडणी तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का ते बघायची गरजच नाही, कागद पूर्ण असतील तर अर्ज मंजूर धरायचा आणि मंजूर भार कमी पडत असेल तर तो कंपनीनेच वाढवून द्यायचा. ५ किलोवॅटपर्यंत लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर मजबूत करायला लागला तरी तो खर्च कंपनीचा. सबसिडी हवी तर पॅनल आणि आतले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. स्वस्तातले लावून मागून सबसिडी मागणारे येतात, त्यांना ती मिळत नाही.
दुसरी, लाइट गेली की सोलरही बंद. गेल्या मे महिन्यात एका आजोबांनी बोलावलं, सिस्टीम बिघडली म्हणून. वर गेलो तर भर दुपारचं ऊन, पॅनलला हात लावला तर चटका बसला आणि खाली घरात पंखा बंद. बिघाड काही नव्हता, पुरवठा गेला होता. पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर अशा वेळी मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्याच घरातून शॉक बसेल. बॅटरी नसेल तर हे असंच राहणार, आणि विकणारे हे आधी सांगत नाहीत याचा मला खरंच राग येतो.
टाकीची सावली पण बघा. एका पॅनलवर हातभर सावली पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादन उतरतं. सोसायटीच्या गच्चीवर हा सगळ्यात मोठा त्रास आहे.

शंभर_युनिट
मला मुळात ही सबसिडीच पटत नाही. आमचा वापर ८० युनिटच्या आसपास, सगळ्यात खालच्या स्लॅबमध्ये. मी सोलर लावून वाचणार किती? ज्याचा वापर ४०० आहे, दोन एसी आहेत, त्याचं वरच्या स्लॅबचं महाग युनिट वाचतं, फायदा त्याला आणि ७८ हजारही त्यालाच. वर तो महाग स्लॅबमधून बाहेर पडला की त्याच्याकडून येणारा पैसा थांबतो, ज्याच्यावर आमच्यासारख्यांचा दर कमी ठेवला जातो. खांब, तारा, माणसं यांचा खर्च तर तेवढाच राहतो, तो कोण भरणार? जर्मनीत हेच झालं, सौर आणि पवन ऊर्जेच्या मदतीचा अधिभार लोकांच्या बिलात लावला, २०१७ ला तो युनिटमागे ६.८८ सेंटपर्यंत गेला आणि शेवटी जुलै २०२२ मध्ये बिलातून काढून सरकारी तिजोरीवर घ्यावा लागला. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नवीन सोलर लावणाऱ्यांच्या जास्तीच्या युनिटचा मोबदला खूप खाली आणला. एवढे पैसे आहेत तर शाळा आणि सरकारी दवाखान्यांच्या छपरांवर घाला, त्याचा लाभ सगळ्यांना होईल.

पिवळी_फाटक
मी तो सबसिडी घेतलेला माणूस. बंगला म्हणा पण तीन खोल्यांचं घर आहे, वडिलांनी बांधलेलं, वापर २५० युनिट. ३ किलोवॅट कर्ज काढून लावलं, हप्ता चालू आहे. दर रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत वायपर घेऊन वर जातो, कबुतरांची घाण वाळली की निघत नाही. दुपारी माझी जास्तीची वीज माझ्याच गल्लीत वापरली जाते, लांबून आणायची गरज नाही, तारांमधली गळती वाचते, हा फायदा कोणी धरतच नाही. आणि जास्तीचे युनिट माझ्या बिलातून वजा होऊन मार्चअखेर जे उरतात त्यांना अगदी कमी दर मिळतो, म्हणजे मी काही कमाई करत नाहीये. शाळा दवाखान्यांवर घाला हे शंभर टक्के बरोबर, पण त्यासाठी माझं काढून घ्यायची गरज नाही.

शंभर_युनिट
तुमच्याकडून काढून घ्या असं नाही दादा. ज्याचा वापर ३०० च्या वर आहे त्याला सबसिडी नको, स्वस्त कर्ज द्या, तो तसाही लावणार आहे. ८० युनिटवाल्याला मात्र जवळपास पूर्ण खर्च द्या, कारण त्याच्याकडे आधी भरायला पैसेच नसतात आणि सबसिडी येते बसवून झाल्यावर.

माजी_सेक्रेटरी
हा शेवटचा मुद्दा मला मान्य. ताईंना एवढंच, एकच प्लांट असेल, स्टँड कोब्यात न ठोकता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर असेल, आधी स्ट्रक्चरल ऑडिट होईल आणि पाच वर्षांच्या गळतीची अनामत ठेकेदाराकडून घेतली जाईल तर मी स्वतः ठरावाला अनुमोदन देईन. पण सुरुवात कॉमन मीटरपासून करा. लिफ्ट पंपाचं बिल उतरलं की विरोध करणारे आपोआप गप्प बसतात.

तिसरा_मजला
अटी चारही मान्य, पण कॉमन मीटर आधी हे नाही पटत काका. एकदा गच्ची त्यात भरली की घरांसाठी जागा उरणार नाही, आणि २५ वर्षं टिकणारे पॅनल नंतर कोणी काढून देणार नाही. कॉमनला ५ किलोवॅट, बाकीचं घरांना, हे पहिल्याच ठरावात लिहून घ्यायचं. वायरमन भाऊ, आमची टाकी दक्षिणेच्या कोपऱ्यात आहे, डिसेंबरात दुपारी तीनला सावली पार मधल्या कठड्यापर्यंत येते, मी खडूने खूण करून ठेवलीय. तेवढी जागा सोडून किती बसतील ते या रविवारी मोजणार आहे, आकडे इथेच टाकते.