इंग्रजी शिकवायला परदेशात: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांचे अनुभव

आपल्याकडची कितीतरी पोरंपोरी बी.ए., बी.एड. करून खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर राबायलेत, आणि मोबाईलवर रोज थायलंड, व्हिएतनाम, गल्फच्या जाहिराती यायलेत. जे खरंच गेलेत त्यांनी लिहा की, कागदं कशी केली, व्हिसा कसा मिळाला, कुठं अडकलं. सविस्तर लिहा, इथं वाचणाऱ्याचं वर्ष वाचतंय.

खानापूरकर
मी थायलंडला आहे. शाळेनं ऑनलाइन इंटरव्ह्यू घेतला, डेमो मागितला. आपल्याला नेटिव्ह स्पीकर धरत नाहीत म्हणून टोइक ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली, 990 पैकी किमान 600 पाहिजेत, आयेल्ट्स ही दुसरी इंग्रजी परीक्षा असली तर 5.5. शाळेची पत्रं आली की नॉन-बी म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा, तो 90 दिवसांचा, मग इथं आल्यावर वर्क परमिट, टीचर्स कौन्सिलची शिकवायची तात्पुरती परवानगी आणि त्यानंतर वर्षाची मुदतवाढ, असा क्रम असतोय. "टूरिस्टवर या, नंतर बदलून देतो" म्हणणारे पण भेटतात, त्यांना सरळ नाही म्हणा, पकडलं तर दंड भरून परत पाठवतात. काम मात्र मनापासून आवडतं. सकाळी गेटवर उभं राहायचं, एकेक पोर हात जोडून वाकून आत जातंय, आठला झेंडा, मग पहिला तास. पहिलीची पोरं, 'र' म्हणायला सांगितलं की सगळा वर्ग 'ल' म्हणतोय, तासभर तेच घेत बसायचं.

निपाणीची लेक
मी ओमानला. सीमाभागातल्यांनी हे नीट वाचा. माझी दहावी-बारावी कर्नाटक बोर्डाची आणि डिग्री कोल्हापूरची, शिवाजी विद्यापीठ. ओमानला अपोस्टिल (परदेशात कागद खरा धरावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय मारतं तो शिक्का) चालतं, पण त्याच्या आधी राज्याचं अटेस्टेशन म्हणजे कागद खरा असल्याचा राज्य सरकारचा शिक्का लागतं, आणि ते कागद ज्या राज्यातला त्याच राज्यात होतं. म्हणजे डिग्री मुंबईला मंत्रालयात, मार्क्सकार्ड बेंगळुरूला, आणि राहायला मी निपाणीत! वर नावाचा घोळ. दहावीच्या कार्डावर नुसती इनिशियल, डिग्रीवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव पूर्ण, पासपोर्टवर तिसरंच. ॲफिडेव्हिट करून निभावलं, पण सगळ्यात जास्त दिवस त्यातच गेले. नोकरी शोधायच्या आधी सगळी कागदं टेबलावर मांडा आणि नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवून बघा. दुबईवाल्यांना अपोस्टिल चालत नाही, त्यांच्या एम्बसीचं अटेस्टेशन लागतं, हे पण लक्षात ठेवा.

येळ्ळूरचा पावणा
कोरियाच्या जाहिराती बघून विचारणाऱ्यांसाठी: तिथल्या खासगी क्लासला शिकवायचा ई-2 व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका एवढ्याच देशांच्या पासपोर्टवर मिळतो. आपल्या पासपोर्टवर तिथं लावून देतो म्हणून कोण पैसे मागत असेल तर देऊ नका.

शहापूर बेळगाव
माझ्या भावाकडून एका एजंटानं लाखभर घेतले, ऑफर लेटर दिलं, शाळेला मेल केला तर अशी जागाच नव्हती. आईनं पाटल्या मोडल्या होत्या ओ. पैसे अजून आलेले नाहीत. म्हणून सांगतो, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर एजंटाचा लायसन्स नंबर बघा, सरकारी नियमानं त्याला 30,000 रुपये आणि जीएसटी एवढीच फी घेता येते. आणि पदवीधराच्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स (कामाला परदेशी जायची सरकारी परवानगी) लागत नाही, म्हणजे कामगार म्हणून जाणाऱ्याची जी तपासणी होते ती तुमची होत नाही. शाळा खरी का खोटी हे तुम्हालाच बघावं लागतंय.

चिक्कोडीची टीचर
मी व्हिएतनामला होते. डिग्री, 120 तासांचं टेसॉल (इंग्रजी शिकवायच्या कोर्सचं) सर्टिफिकेट, मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी), एवढ्यावर वर्क परमिट झालं. पीसीसी फार आधी काढू नका, जुनं झालं की परत मागतात. फी 500 रुपये, पासपोर्टच्याच साइटवर अर्ज, पोलीस घरी येतात तेव्हा घरात कुणीतरी पाहिजे. खानापूरकर, तुमच्या शाळेत फोनिक्स (अक्षरांच्या आवाजावरून वाचायला) शिकवणारी जागा निघाली तर इथंच लिहा, माझी धाकटी बहीण टोइकची तयारी करायली आहे.