मदत हवी आहे : कारखान्यातील छपाई कमी करायची आहे, पण कागद मागणारे बाहेरचे आहेत

नमस्कार. वडोदऱ्यातील मकरपुरा औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याचा गुणवत्ता विभाग मी सांभाळतो. आमचा एक मोठा ग्राहक शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' हा पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला असून, त्याची मागणी आता आमच्यासारख्या पुरवठादारांपर्यंत उतरली आहे. वीज, पाणी, कचरा आणि कागद किती वापरता व तो वापर कमी करण्यासाठी काय केले, अशी प्रश्नावली या ग्राहकाने पाठवली आहे. विजेचे आणि पाण्याचे आकडे बिलांवरून मिळाले. कागदापाशी गाडे अडले.

नेहमीचे उपाय आम्ही आधीच केले आहेत. सर्व संगणकांवर दोन्ही बाजूंनी छपाई हीच मूळ निवड ठेवली आहे, रंगीत छपाईला परवानगी लागते आणि पाठकोरे कागद कच्च्या कामाला वापरतो. त्याने फरक पडला, पण थोडाच.

खरा खप होतो तो मालासोबत जाणाऱ्या कागदपत्रांच्या संचांवर. कच्च्या मालाची चाचणी प्रमाणपत्रे, हायड्रो टेस्टचे (पाण्याच्या दाबाखालील चाचणीचे) अहवाल, त्रयस्थ निरीक्षकाने सही-शिक्का केलेली पाने, हे सगळे खरेदी आदेशातील अटीनुसार सहा प्रतींत, जाड फायलींत लावून द्यावे लागते. आणि शिक्क्याची शाई मागे उमटते म्हणून तेही एकाच बाजूवर छापलेले. ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक ए-४ कागद ५ ग्रॅमचा, म्हणजे ५०० कागदांची रिम अडीच किलोची. मोठ्या ऑर्डरबरोबर फायलींची वेगळी पेटीच ट्रकमध्ये चढवावी लागते. हीच कागदपत्रे आम्ही ग्राहकाच्या पोर्टलवर पीडीएफ रूपातही चढवतो. कागदाचा हिशेब मागणारा आणि सहा प्रती मागणारा ग्राहक एकच आहे, हे त्यांच्या खरेदी विभागाला न दुखावता कसे सांगावे, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न शॉप फ्लोअरवरील ड्रॉइंगचा. प्रत्येक मशीनपाशी 'कंट्रोल्ड कॉपी' (म्हणजे नोंद ठेवून वाटलेली चालू प्रत) असा शिक्का मारलेले ए-३ ड्रॉइंग असते आणि ड्रॉइंगची रिव्हिजन (आवृत्ती) बदलली की जुन्या प्रती गोळा करून नष्ट करायच्या व नव्या वाटायच्या. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत नोंदी कोणत्याही माध्यमात ठेवण्याची मुभा आहे, त्यामुळे ऑडिटरची अडचण नाही. अडचण आहे ती कूलंट (यंत्रकामात वापरायचे थंड ठेवणारे द्रव), लोखंडाचा कीस आणि हातमोजे यांची. टॅब्लेट किंवा भिंतीवरचा पडदा कोणी प्रत्यक्ष वापरला असल्यास अनुभव सांगावा.

तिसरे, पाठवणी विभाग प्रत्येक इनव्हॉइसच्या तीन प्रती काढतो. आमची उलाढाल ५ कोटींच्या वर असल्याने ई-इनव्हॉइस (जीएसटीच्या पोर्टलवर ऑनलाइन नोंदवलेले बिल) लागू आहे, तरीही कायद्याने तीन प्रती लागतातच, असे तेथील मंडळी सांगतात. हे खरे आहे का?

शेवटचा प्रश्न यंत्रांविषयी. टेबलागणिक छोटे लेझर प्रिंटर असून, प्रत्येक प्रिंटर झोपेतून जागा होताना आपला फ्यूजर (टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) सुमारे २०० अंशांपर्यंत तापवतो आणि प्रत्येकाचे कार्ट्रिज वेगळे. त्याऐवजी मजल्यावर एक सामाईक मशीन भाड्याने घ्यावे, असा विचार आहे. मात्र आलेल्या प्रस्तावात महिन्याला ठरावीक किमान पानांचे पैसे, छापा वा न छापा, द्यावेच लागतील अशी अट आहे. छपाई कमी करण्यासाठी असा करार करणे मला विसंगत वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (रावपुरा, करविषयक काम)

तीन प्रतींचा नियम सीजीएसटी (केंद्रीय वस्तू व सेवा कर) नियम ४८ मधला आहे, पण त्याच नियमाचा उपनियम ६ ई-इनव्हॉइसला त्यातून वगळतो. वाहतुकीत तपासणी झाल्यास ई-इनव्हॉइसचा क्यूआर कोड मोबाइलवर दाखवला तरी नियम १३८अ नुसार चालतो, आणि ई-वे बिलाचा (मालवाहतुकीच्या ऑनलाइन नोंदीचा) क्रमांकही पुरतो. तरीही चालकापाशी एक छापील प्रत असू द्यावी, असे मी सुचवीन. रात्री नाक्यावर मोबाइलची बॅटरी संपलेली असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. जॉबवर्कसाठी (दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घेण्यासाठी) माल बाहेर पाठवताना जे डिलिव्हरी चलन लागते, त्याला मात्र ही सवलत लावू नये. त्याच्या तीन प्रती काढत राहा. कार्यालयातील नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या असतात, पण त्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, योग्य बॅकअपसह, ठेवता येतात. फायलीसाठी वेगळी प्रत काढण्याचे कारण उरत नाही.

प्रतिसाद (वाघोडिया, संगणक देखभाल)

करारावर सही करण्यापूर्वी पाने मोजा. छपाई विंडोज प्रिंट सर्व्हरमधून (सर्व प्रिंटरांची कामे सांभाळणाऱ्या संगणकातून) जात असेल, तर प्रिंट सर्व्हिसचा ऑपरेशनल लॉग सुरू करा, तो मुळात बंद असतो. त्यातील ३०७ क्रमांकाची नोंद कोणी, कोणत्या प्रिंटरवर, किती पाने छापली ते सांगते. छोट्या प्रिंटरांची कॉन्फिगरेशन पाने (ज्यांवर आजवर छापलेल्या पानांचा आकडा असतो) महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेला काढली की एकूण आकडा पडताळता येतो. हा आकडा हातात असला की किमान पानांची अट खाली आणता येते, किंवा ती तिमाहीवर धरायला सांगता येते. मशीन भाड्याने देणारे हे सहज मान्य करत नाहीत, पण मागितल्याशिवाय तर नाहीच. भाड्याच्या मशीनवर पिन टाकल्यावरच कागद बाहेर येईल अशी सोय जरूर घ्या. ट्रेमध्ये बेवारस पडणारी पाने त्याने थांबतात.

जुने प्रिंटर आणि रिकामी कार्ट्रिज भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या अनुसूचीत 'कार्ट्रिजसह प्रिंटर' अशी नोंद आहे, त्यामुळे ती नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच जायला हवीत, आणि त्याची पावती तुमच्या प्रश्नावलीतही जोडता येईल. रिफिल चांगले असेल तर अवश्य करावे, पण टोनर गळू लागला की डाग पडलेले प्रमाणपत्र पुन्हा छापावे लागते आणि वाचवलेले तेथेच जाते.

सहा प्रतींबाबत खरेदी विभागाशी वाद घालू नका. प्रश्नावली ज्या विभागाकडून आली त्यालाच उत्तर द्या आणि त्यात मागील वर्षी त्यांच्या ऑर्डरवर किती किलो कागद गेला, हा आकडा लिहा. सोबत एक छापील संच आणि डिजिटल सहीची पीडीएफ असा पर्याय मांडून पुढच्या खरेदी आदेशात तशी दुरुस्ती मागा. त्रयस्थ निरीक्षण संस्थेची डिजिटल सहीला तयारी आहे का, हे आधी विचारून ठेवा, कारण तेथून नकार आला तर ग्राहकाचा होकार उपयोगाचा नाही.