जुन्या इंग्रजी मृत्युपत्रातला 'कझिन' : चुलतभाऊ, मामेभाऊ की नुसता नातलग?

वंशवेल
लीड्सच्या एका घराची वंशावळ मराठीत मांडायचं काम हातात आहे. सून तिथली, मुलं तिथली, आणि इकडच्या आजी-आजोबांना नातवंडांचं आजोळ किती पिढ्या मागे जातं ते आपल्या भाषेत वाचायचं आहे. १८३७ पर्यंत मागे जायला फारशी अडचण नाही. त्या वर्षीच्या १ जुलैपासून जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंदणी आहे आणि १८५१ पासूनच्या खानेसुमारीत कुटुंबप्रमुखाशी नातं व जन्मगाव दिलेलं असतं. गाडी अडली आहे ती १६९८ सालच्या एका मृत्युपत्रापाशी. करणारा क्लोदियर, म्हणजे लोकर आणून घरी कापड विणणारा आणि ते बाजारात नेऊन विकणारा. त्याने 'माय कझिन'ला दहा शिलिंग, 'माय सन-इन-लॉ'ला माग आणि 'माय नाऊ वाइफ'ला घर ठेवलं आहे. मसुद्यात चुलतभाऊ, जावई आणि सध्याची बायको असे शब्द आहेत. तपासणाऱ्या बाईंच्या मते तिन्ही चूक. जावई चूक कसा? आणि कझिनसाठी चुलत, मामे, आते, मावस यांतलं काहीतरी निवडल्याशिवाय मराठी वाक्य पुरं कसं करायचं?

दप्तरखाना
बाईंचा आक्षेप रास्त आहे. त्या काळी 'इन-लॉ' सावत्र नात्यालाही सर्रास लावत. त्यामुळे 'सन-इन-लॉ' जावई असू शकतो, तसाच बायकोचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगाही असू शकतो. छडा लावायचा क्रम असा: मृत्युपत्र करणाऱ्याच्या लग्नाची नोंद आधी काढा. वधूपुढे 'विडो' (विधवा) असेल आणि तिचं त्या नोंदीतलं आडनाव या 'सन-इन-लॉ'च्या आडनावाशी जुळत असेल, तर तो सावत्र मुलगा धरायला हरकत नाही. मग तिच्या पहिल्या नवऱ्याचं दफन आणि त्या मुलाचा बाप्तिस्मा शोधून खुंटा हलवून बळकट करा. उलट, त्याच मृत्युपत्रात एखाद्या मुलीचं लग्नानंतरचं आडनाव तेच असेल तर जावई.

अडचण अशी की २५ मार्च १७५४ च्या आधीच्या विवाहनोंदी फार त्रोटक असतात. दोन नावं आणि एक तारीख, कधी तर फक्त वराचं नाव. हार्डविकचा विवाहकायदा त्या दिवशी लागू झाला, ठरावीक नमुन्यात नोंदी होऊ लागल्या, आणि तिथून पुढे राहण्याची पॅरिश (एका चर्चची हद्द), सह्या, साक्षीदार मिळतात. तुमचं मृत्युपत्र त्याआधीचं, तेव्हा पुरावा जुळला नाही तर 'जावई किंवा सावत्र मुलगा' असंच लिहा.

'नाऊ वाइफ' ही कारकुनी भाषा आहे. आज हयात असलेल्या पत्नीलाच हे मिळावं, पुढे दुसरं लग्न झालं तर त्या बायकोला नाही, एवढाच अर्थ. 'सध्याची बायको' वाचून वाचणारा पहिली बायको शोधत बसेल. नुसतं 'माझी पत्नी' पुरेसं आहे.

मूळधातू
कझिनचं मूळ लॅटिन 'कोन्सोब्रिनुस', आणि त्याचा मूळ अर्थ सख्ख्या बहिणींची मुलं. म्हणजे व्युत्पत्तीने कझिन म्हणजे मावसभाऊच. याहून रंजक आहे 'नेव्ह्यू'. त्याच्या मागे लॅटिन 'नेपोस', आणि तो आपल्या संस्कृत 'नप्तृ'चा सख्खा भाऊ. नप्तृ वरून आपला नातू आला. लॅटिनमध्येही नेपोस म्हणजे आधी नातू, पुतण्या-भाचा हा अर्थ नंतरचा. सतराव्या शतकातल्या मृत्युपत्रांत 'नेव्ह्यू' कधीकधी नातवाला म्हटलेलं सापडतं ते यामुळेच.

चालूशब्द
नेव्ह्यूची माहिती कामाची आहे, पण कझिनची व्युत्पत्ती इथे लावता येणार नाही. १६९८ सालचा यॉर्कशरचा विणकर लॅटिन मूळ मनात धरून कझिन म्हणत नव्हता. त्याच्या तोंडी कझिन म्हणजे पुतण्या, भाची, चुलत्याचा नातू, बायकोकडचा कोणी, जवळजवळ कुठलाही आप्त. मावसभाऊ लिहिलंत तर नोंदीत नसलेली माहिती आपल्या पदरची घातल्यासारखं होईल. चुलतभाऊ तर आणखी वाईट, कारण मराठी वाचक लगेच दोघांचे बाप सख्खे भाऊ धरून वंशवृक्षात रेघ ओढणार. सरळ 'कझिन' लिहा. मराठी घरांत हा शब्द रोज बोलला जातो.

शुद्धमती
रोज बोलला जातो म्हणून लिहायचा, हे मान्य नाही. ज्यांच्यासाठी वंशावळ आहे ते आजी-आजोबा आजच्या बोलण्यातला कझिन आजच्याच अर्थाने वाचणार, म्हणजे 'चुलत-मामेभाऊ वगैरे'. दप्तरातला कझिन त्याहून कितीतरी ऐसपैस. तेव्हा ओळखीचा शब्द उलट जास्त फसवेल. 'आप्त' हा शब्द मराठीत आहे, नेमका तेवढाच सैल आहे, आणि त्यातून बापाकडचा की आईकडचा हे ठरत नाही. 'माझा आप्त टॉमस याला दहा शिलिंग.' काय बिघडलं?

चालूशब्द
बिघडलं हे की मूळ शब्द हरवला. त्याच मृत्युपत्रात 'किन्समन' (नातलग) आला तर त्यालाही आप्तच म्हणणार ना? मग पुढच्या संशोधकाला कुठे काय लिहिलं होतं ते कसं कळणार?

दप्तरखाना
यावर व्यवहारातला उपाय आहे. उताऱ्याचे दोन थर ठेवायचे. पहिल्यात मूळ इंग्रजी मजकूर जसाच्या तसा, संक्षेपांसह, रोमन लिपीतच उतरवून. दुसऱ्यात मराठी. नात्याचा अर्थ लावताना पुरावा कोणता ते शेजारी लिहायचं: कुठल्या पॅरिशच्या रजिस्टरातली कुठल्या तारखेची नोंद. मृत्युपत्राचीही मूळ प्रत आणि न्यायालयाच्या वहीतली नक्कल अशी दोन रूपं असू शकतात, आणि नकलेत कारकुनाच्या चुका सापडतात. १८५८ पर्यंत मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. यॉर्कच्या न्यायालयांचं दप्तर आज यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक संस्थेत आहे. तुमच्या हातात नक्कल असेल तर मूळ प्रत टिकली आहे का ते तिथे विचारा.

सातबारा
आणखी दोन शब्द येतील तेव्हा सांभाळा. 'इन्फंट' म्हणजे तान्हं बाळ समजू नका. त्या काळच्या कायद्याच्या भाषेत एकवीस वर्षांखालचा कोणीही इन्फंट, अगदी वीस वर्षांचा जवानही. त्याला मराठीत तयार शब्द आहे: अज्ञान. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता असतो, तोच हा अज्ञान. दुसरा 'रिलिक्ट'. लॅटिन अर्थ 'मागे राहिलेली', त्यावरून परित्यक्ता असं भाषांतर होताना दिसतं. ती बाई टाकलेली नसून विधवा आहे. आपल्या महसुली कागदांतलं 'मयत अमुक याची बायको' हे त्याच्याशी शब्दाला शब्द जुळतं.

मूळधातू
'सीनियर' आणि 'जूनियर'साठी थोरला, धाकटा वापरा, पण बाप-लेक धरू नका. एका गावात एकाच नावाची दोन माणसं असली की वयाने मोठ्याला सीनियर म्हणत, नातं असो वा नसो. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव काका-पुतणे होते हे आपल्याला ठाऊक आहे, तेवढी सावधगिरी इंग्रजी नावांनाही लागू. शिवाय थोरला वारला की कालचा धाकटा आजचा थोरला होतो. 'जूनियर' ही खूण एका माणसाला आयुष्यभर चिकटलेली नसते.

वंशवेल
खूप उपयोगी. मृत्युपत्राची तारीख १० फेब्रुवारी १६९८ आहे आणि करणाऱ्याचं दफन ३ एप्रिल १६९९ ला. म्हणजे तो चौदा महिने अंथरुणाला खिळून होता का? 'आजारी शरीर, शाबूत मन' असं सुरुवातीला लिहिलं आहे.

दप्तरखाना
नाही, जेमतेम सात आठवडे. तेव्हा इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून १६९८ चा फेब्रुवारी त्या वर्षाच्या शेवटी येतो. आपल्या हिशोबाने तो १६९९. शकाचा सन काढताना माघ-फाल्गुनात ७८ ऐवजी ७९ मिळवतो, तसाच हा फरक. लिहिताना १६९८/९ असं जोडवर्ष द्या. ही रीत १७५२ पासून बदलली, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. रजिस्टरात '७बर' दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर, '८बर' ऑक्टोबर. आणि १७५२ पूर्वीच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या नोंदींत 'पहिला महिना' म्हणजे मार्च.

शुद्धमती
तारखा ठीक. पण इथे सगळे 'पॅरिश' लिहीत आहेत त्याचं काय? परगणा का नको?

सातबारा
परगणा ही महसुलाची विभागणी, त्यात अनेक गावं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. परगणा लिहिलंत तर चर्चचा संबंधच पुसला जातो.

चालूशब्द
वसईच्या मराठी कॅथलिकांमध्ये 'धर्मग्राम' रुळलेला आहे. ते स्नानसंस्कारही म्हणतात, प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा म्हणतात. मराठीत आधीच असलेले शब्द सोडून परगण्याकडे जायचं कारण दिसत नाही.

शुद्धमती
धर्मग्राम चालेल. मग 'बाप्तिस्मा' कशाला, 'जन्मनोंद' म्हणा, वाचणाऱ्याला लगेच कळेल.

दप्तरखाना
तसं अजिबात करू नका. रजिस्टरातली तारीख पाण्याची, जन्माची नव्हे. दोन्हींत काही दिवसांचं अंतर असतं, कधी काही वर्षांचं, आणि तीन-चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झालेला सापडतो. त्यांना जुळी-तिळी धरलं की झाड बिघडलं. अपवाद आहेत: १६५३ च्या कायद्यानंतर काही वर्षं जन्मतारखा लिहिल्या जात, आणि १७७० च्या दशकापासून १८१२ पर्यंत यॉर्कशरच्या काही पॅरिशांत डेड नावाच्या पाद्र्याच्या पद्धतीची रजिस्टरं आहेत. त्यांत जन्म आणि बाप्तिस्मा दोन्ही तारखा, वर आजी-आजोबांची नावंसुद्धा. तुमच्या घराची एखादी पिढी त्या काळात पडत असेल तर हीच आधी पाहा.

चालूशब्द
धर्मग्राम म्हणताना एक पंचाईत उरते. हॅलिफॅक्सची पॅरिश एवढी अवाढव्य की तिच्यात वीसहून अधिक टाउनशिपा, आणि हेप्टनस्टॉल, एलंड यांसारख्या चॅपलऱ्यांची, म्हणजे पॅरिशीच्या आतल्या पोटचर्चच्या हद्दींची, रजिस्टरं वेगळी. हॅलिफॅक्सच्या रजिस्टरात नाव नाही म्हणून माणूसच नाही असं धरणारे नवखे बरेच. या चॅपलरीला काय म्हणायचं?

शुद्धमती
उपधर्मग्राम.

सातबारा
आणि टाउनशिपला? तो तर चर्चचा नव्हे, कर आणि गरिबांच्या पोटगीचा विभाग. त्याला मौजा म्हणावं असं मला वाटतं.

मूळधातू
मौजा अरबीतून आलेला, मूळ अर्थ नुसती 'जागा'. चालेल, पण मग शुद्धमतींचा उपधर्मग्राम आणि तुमचा मौजा एकाच नोंदीत शेजारी बसतील का ते पाहायला हवं.