मदत हवी आहे: खताच्या हिशोबात पोटॅशचं उत्तर ऋण येतंय

नमस्कार मंडळी. एक हेक्टर बागायती गहू पेरायचाय. शिफारस नत्र 120, स्फुरद 60, पालाश 40 किलो. घरात 10:26:26 (नत्र, स्फुरद, पालाश यांची टक्केवारी) या मिश्रखताच्या गोण्या पडून आहेत, म्हणून 10:26:26, युरिया (46% नत्र) आणि पोटॅश (60% पालाश) अशी तीन चलं धरून दहावीतल्या मुलीसोबत समीकरणं मांडली.

स्फुरदावरून 10:26:26 लागतं 231 किलो. पण त्यातूनच पालाशही 60 किलो मिळतं, आणि पोटॅशचं उत्तर उणे 33 येतं! मुलीनं तीनदा तपासलं, आकडेमोड बरोबर आहे. म्हणजे या तीन खतांनी हा डोस जुळतच नाही, असंच ना?

मग पोटॅशऐवजी डीएपी (18% नत्र, 46% स्फुरद) घेतलं. आता 10:26:26 हे खत 154, डीएपी 43.5, युरिया 210 किलो येतंय. कुणी पडताळून द्याल का?

खरी अडचण पुढे आहे. नत्र निम्मंच पेरणीला द्यायचं, उरलेलं पहिल्या पाण्याला. मग पेरणीच्या समीकरणात नत्र 60 धरून युरिया 80 किलो आणि नंतर 130, हे बरोबर का? वाफसा आलाय, दोन दिवसांत पेरणी आहे.