मदत हवी आहे: केनियातल्या सरकारी विद्यापीठाची ऑफर आलीये पण लेटरवर सही प्रभारी कुलगुरूंची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो, १६ वर्षं झाली. केनियातल्या एका सरकारी विद्यापीठात अर्ज टाकला होता (नाव लिहीत नाही, समजून घ्या), ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला आणि मागच्या महिन्यात ऑफर लेटर आलं. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, कॅम्पसवर क्वार्टर, पगार इथल्यापेक्षा बरा. घरात पेढे वाटून झाले. मग रात्री निवांत लेटर वाचत बसलो तर खाली सही 'ॲक्टिंग व्हाइस चान्सलर', म्हणजे आपल्या भाषेत प्रभारी. तेव्हा काही वाटलं नाही, आमच्याच कॉलेजात किती वर्षं प्रभारी प्राचार्य आहेत आणि माझं सगळं सर्व्हिस बुक त्यांच्याच सह्यांनी भरलंय. पण दहा-बारा दिवसांनी तिथल्या एका पेपरात बातमी दिसली की त्या विद्यापीठाची कौन्सिलच (म्हणजे कारभार बघणारं मंडळ) सरकारने बदललीये आणि कुलगुरूपदाची भरती परत पहिल्यापासून होणार. म्हणजे मला ज्यांनी नेमलं ते आता तिथे असतील की नाही हेच माहीत नाही.

इकडे संस्थेकडून एनओसी घ्यायची, लिअन (म्हणजे इथली जागा राखून ठेवणं) मागायची, मग जेडी म्हणजे शिक्षण सहसंचालकांच्या ऑफिसच्या चकरा. संस्थेचे चिटणीस म्हणाले, "सर तुम्ही बिनधास्त जा, मधेच परत आलात तरी तुमची जागा तशीच, पण हे लेखी मागू नका." म्हणजे तिकडे सही प्रभारी आणि इकडे शब्द तोंडी. बायको म्हणते जायचं तर दोन्ही लेखी घे नाहीतर गप्प बस, आणि ती बरोबर आहे.

गेले दोन आठवडे रोज रात्री हेच वाचतोय. नैरोबी विद्यापीठाचं २०२० चं प्रकरण वाचून तर झोपच उडाली. तिथल्या कौन्सिलने जानेवारीत स्टीफन किआमा यांना कुलगुरू नेमलं, आणि दोनच आठवड्यांत शिक्षणमंत्री जॉर्ज मगोहा यांनी नेमणूक रद्द केली, वर कौन्सिलही बरखास्त, आणि आधीचे प्रभारी परत खुर्चीत. गंमत म्हणजे हे मगोहा स्वतः २००५ ते २०१५ त्याच विद्यापीठाचे कुलगुरू होते! म्हणजे बाहेरचा कुणी अडाणी पुढारी नाही, घरचाच माणूस, त्याला प्रत्येक फाईल कुठल्या कपाटात आहे ते ठाऊक. किआमा कोर्टात गेले, कोर्टाने मंत्र्यांचा आदेश थांबवला आणि काही महिन्यांच्या ओढाताणीनंतर तेच कुलगुरू राहिले. पुढे २०२४ मध्ये त्यांचं नव्या कौन्सिलशी बिनसलं, परत रजेवर पाठवणं, परत प्रभारी. मला यातलं राजकारण कळत नाही फार, मला एवढंच कळतं की त्या मधल्या दिवसांत कुणाला कॉन्ट्रॅक्ट लेटर मिळालं असेल तर तो माणूस काय करत असेल.

दुसरं, एल्डोरेटच्या मोई विद्यापीठाचं. २०१६ मध्ये तिथे प्रभारी कुलगुरू म्हणून जे नेमले ते त्या भागातल्या समाजाचे नव्हते, म्हणून चक्क दोन काउंटींचे गव्हर्नर लोकांना घेऊन विद्यापीठावर मोर्चा घेऊन गेले, की विद्यापीठ आमच्या भागात तर कुलगुरू आमचाच पाहिजे. आता भूमिपुत्र वगैरे आपल्याला नवीन नाही, पण एखादा कुलगुरू हटवायला लोकप्रतिनिधी स्वतः कॅम्पसवर येतात तिथे सातारचा माणूस कुणाच्या खिजगणतीत?

तर प्रश्न असा की प्रभारी कुलगुरूच्या सहीचं लेटर तिथे टिकतं का, नवीन कुलगुरू आले की आधीची कॉन्ट्रॅक्टं उकरून काढतात का, आणि तिकडे कुणी राहिलंय किंवा शिकवलंय का. वर्क परमिट क्लास डी, तो विद्यापीठच काढणार आहे, पण तो त्याच नोकरीला बांधलेला असतो म्हणे, मग नोकरी गेली तर लगेच बॅग भरायची का? लिअनचा अर्ज या महिन्याअखेर द्यायचाय. कृपया "आफ्रिकेत कशाला जाता" असं लिहू नका, ते सासऱ्यांनी सांगून झालंय.

---

प्रतिसाद १ (कंपालावासी)

सर, मी युगांडात आहे, विद्यापीठाशी संबंध नाही, औषधांच्या धंद्यात आहे, पण इथल्या मकेरेरे विद्यापीठाचं २०१६ डोळ्यासमोर बघितलंय म्हणून लिहितो. मास्तरांच्या पगाराबरोबर एक 'इन्सेंटिव्ह' असायचा, तो सरकारी तिजोरीतून नाही तर विद्यापीठाच्या स्वतःच्या कमाईतून, म्हणजे फी वगैरेतून द्यायचा ठरलेला. तो थकला, मास्तर संपावर गेले, मग पोरं रस्त्यावर, आणि १ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी एका आदेशात अख्खं विद्यापीठ बंद केलं. कुलगुरूंनी नाही, कौन्सिलने नाही, थेट वरून. होस्टेलं रिकामी करायला लावली, पोरं गाद्या डोक्यावर घेऊन बोडा (मोटरसायकल टॅक्सी) शोधत होती.

विद्यापीठाच्या गेटपलीकडे वंडेगेया म्हणून भाग आहे, तिथे रोलेक्स मिळतो, घड्याळ नाही हो, आपल्या चपातीत दोन अंड्यांचं आम्लेट, कोबी-टोमॅटो घालून गुंडाळतात. मी जिथे खायचो त्या पोऱ्याने दोन आठवड्यांत तवा गुंडाळून गाव गाठलं. विद्यापीठ उघडलं थेट जानेवारी २०१७ मध्ये.

इथे राष्ट्राध्यक्ष सरकारी विद्यापीठांचे 'व्हिजिटर' असतात कायद्याने. आपल्याकडे सेंट्रल युनिव्हर्सिटीला राष्ट्रपती असतात तसंच, मूळ इंग्रजांचंच, फक्त इथले व्हिजिटर खरोखर व्हिजिट देतात. आणि जुन्या लोकांच्या मनात हुकूमशहा इदी अमीनचा काळ अजून आहे, १९७२ मध्ये कुलगुरू फ्रँक कालिमुझोंना उचलून नेलं ते परत आलेच नाहीत. आता तसं काही नाही, घाबरवत नाहीये, पण इथले प्रोफेसर फोनवर बोलताना आवाज का उतरवतात ते कळावं म्हणून सांगितलं.

मुद्दा हा की तुमचा पगार सरकारी तिजोरीतून आहे की विद्यापीठाच्या कमाईतून ते आधी विचारा. सही कुणाची ते नंतर. मकेरेरेत नव्वदच्या दशकात फी भरणारी पोरं घ्यायला लागले तेव्हापासून हा घोळ आहे, त्यावर महमूद ममदानींनी भरपूर लिहिलंय (न्यूयॉर्कच्या झोहरानचे वडील, जन्म आपल्या मुंबईचा).

---

प्रतिसाद २ (लागोसची सून)

दादा, आम्ही नायजेरियात सहा वर्षं होतो, मिस्टर सिमेंटमध्ये. शेजारी एक मॅडम सरकारी विद्यापीठात केमिस्ट्री शिकवायच्या. २०२२ मध्ये असू म्हणजे तिथली प्राध्यापकांची संघटना १४ फेब्रुवारीला संपावर गेली ती १४ ऑक्टोबरला परत आली. आठ महिने! सरकारने 'काम नाही तर पगार नाही' लावलं. त्या मॅडम घरी चिन-चिन तळून विकायच्या (आपल्या शंकरपाळ्यांसारखं असतं), मी त्यांच्याकडून दर शनिवारी एक डबा घ्यायचे. नंतर सरकार बदलल्यावर २०२३ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी त्यातले चार महिन्यांचे पैसे द्यायला सांगितलं, बाकीचे गेलेच.

आणि कुलगुरूंचं विचाराल तर लागोस विद्यापीठात २०२० च्या ऑगस्टमध्ये कौन्सिलचे अध्यक्ष बाबालाकिन यांनी कुलगुरू ओगुंदिपेंना पैशांच्या व्यवहारावरून काढलं आणि आपला प्रभारी बसवला, प्राध्यापक म्हणाले आम्ही मानत नाही, मग सरकार मधे पडलं आणि अध्यक्ष नि कुलगुरू दोघांनाही बाजूला व्हायला सांगितलं. सिनेटने मतदान करून फोलाशादे ओगुन्सोला या बाईंना प्रभारी केलं, नोव्हेंबरात कौन्सिल बरखास्त आणि ओगुंदिपे परत कुलगुरू. पण बघा, त्याच ओगुन्सोला बाई २०२२ मध्ये रीतसर कुलगुरू झाल्या, तिथल्या पहिल्या महिला. म्हणजे प्रभारी म्हणजे दरवेळी कुणाचा तरी हस्तक असंही नसतं, सिनेटने निवडलेला प्रभारी वेगळा आणि मंत्र्याने बसवलेला वेगळा. तुमचे कुठल्या वाटेने आले ते बघा.

---

प्रतिसाद ३

आपल्याकडे तरी काय वेगळं चाललंय, कुलगुरू कुठल्या गाडीतून येतात सगळ्यांना माहितीये. मस्त जा, जिराफ बघा.

---

प्रतिसाद ४ (नैरोबी, पार्कलँड्स)

वरच्यांनी जिराफाचं सोडून बाकी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त केनियाचं बोलतो. एकेकाळी राष्ट्राध्यक्ष मोई साहेब सगळ्याच सरकारी विद्यापीठांचे कुलपती होते, ते त्यांच्यानंतरच्या किबाकींच्या काळात गेलं, राष्ट्राध्यक्ष आता आपोआप सगळीकडे कुलपती नसतात. पण मंत्री आणि कौन्सिल यांच्यातली रस्सीखेच चालूच आहे.

सर, तुम्ही कुलगुरूंच्या खुर्चीकडे बघताय, मी सांगतो पे-स्लिपकडे बघा. इथे बऱ्याच सरकारी विद्यापीठांत पगारातून पेन्शन कापतात, साकोचे म्हणजे आपल्या पतपेढीचे हप्ते कापतात, आणि पुढे भरतच नाहीत. स्लिपवर सगळं छान दिसतं आणि पतपेढीत गेलात की तिथला क्लार्क तुम्हालाच थकबाकीदार म्हणतो. २०२५ चा मास्तरांचा संप सप्टेंबरात सुरू झाला तो नोव्हेंबरात मिटला, कशासाठी, तर २०१७ ते २०२१ च्या पगारकराराचे पैसे अजून पूर्ण मिळाले नव्हते म्हणून. कुलगुरू पर्मनंट असो की प्रभारी, तिजोरीतून पैसे आले नाहीत तर तो कुठून देणार, आणि म्हणूनच तो मंत्र्यांच्या दारात उभा असतो.

लेटरचं म्हणाल तर प्रभारीची सही म्हणजे लगेच रद्दी नाही, पदाची सही असते, माणसाची नाही. पण कौन्सिलच्या किंवा नेमणूक समितीच्या कुठल्या बैठकीत तुमचं नाव मंजूर झालं त्याचा उल्लेख लेटरात आहे का? असेल तर बरंच बरं. नसेल तर मागा. परमिट हातात पडल्याशिवाय तिकडचा राजीनामा-बिजीनामा काही नको, विमानाचं तिकीट तर नकोच. आणि त्या डिपार्टमेंटमधल्या एखाद्या ज्युनियर लेक्चररला गाठा, एचओडीला नाही, आणि फक्त एवढंच विचारा की मागचा पगार कुठल्या तारखेला झाला.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः कंपाला, लागोस आणि नैरोबीवाल्यांचे. लेटर परत काढून वाचलं. बैठकीचा उल्लेख नाही, नुसतं "विद्यापीठाच्या वतीने कळवण्यात आनंद होतो" एवढंच आहे. काल रजिस्ट्रारना मेल टाकला की कौन्सिलच्या मंजुरीची प्रत पाठवा आणि पगार कुठल्या हेडमधून निघणार ते कळवा, शक्य तितक्या गोड भाषेत. आज उत्तर आलं, दोन ओळींचं, की तुमचा विषय पुढच्या बैठकीत ठेवू. खाली सही: ॲक्टिंग रजिस्ट्रार.

ज्युनियर लेक्चररही सापडला, इंटरव्ह्यूच्या वेळी लिंक पाठवणारा मुलगा होता तोच. पगाराची तारीख विचारली तर आधी हसण्याची इमोजी, मग म्हणाला मागच्या महिन्याचा या महिन्याच्या १९ ला झाला, आणि पेन्शनचं विचारू नका.

चिटणिसांना आज लेखी अर्ज देऊन आलो, लिअनचं उत्तरही लेखीच हवं म्हणून. चेहरा पाडला त्यांनी, पण घेतला, पोच पण दिली. कौन्सिलची पुढची बैठक साधारण किती दिवसांनी होते याचा कुणाला अंदाज आहे का? नैरोबीवाले सर, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघाल का प्लीज.