शब्दचर्चा: संमती, सहमती, मान्यता, कौल आणि राष्ट्र

प्रश्न

नमस्कार. पदवीच्या पहिल्या वर्षाला राज्यशास्त्र शिकवते. सामाजिक कराराच्या (लोकांनी करार करून शासन उभं केलं, या कल्पनेच्या) प्रकरणावर मराठीत टिपणं काढतेय आणि एका शब्दावर अडले आहे. शासितांनी होकार दिल्याशिवाय कोणतंही शासन न्याय्य ठरत नाही, असं सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणतो. या 'होकारा'साठी काही पुस्तकांत 'संमती' आहे, काहींत 'सहमती', आणि एका ठिकाणी 'जनतेची मान्यता'. तिन्ही चालतील का? दुसरं असं, की गोव्यात १९६७ साली महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर मतदान झालं. त्याला 'सार्वमत' म्हणावं की 'जनमत कौल'? हे उदाहरण मुलांना जवळचं वाटतं, म्हणून टिपणात घ्यायचं आहे.

प्रतिसाद

'सहमती' घ्या. बातम्यांत सतत येतो, मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिसाद

ताई, 'सहमती' लॉकसाठी नको. सहमती बरोबरीच्या माणसांत होते. जागावाटपावर दोन पक्षांची सहमती होते, वाटणीवर भावांची होते. त्यात कोण कोणावर राज्य करणार हा प्रश्नच नसतो. लॉकला विचारायचं आहे ते असं: जन्मतः मोकळा असलेला माणूस दुसऱ्याचा हुकूम मानायला बांधला जातो तो कशामुळे? ज्याच्यावर गोष्ट घडणार आहे त्याने दिलेला होकार, हा अर्थ 'संमती'तच आहे. शस्त्रक्रियेआधी रुग्णाकडून संमतिपत्र घेतात, सहमतिपत्र नव्हे. (सुटा शब्द 'संमती', समासात ऱ्हस्व 'संमति'. टिपणात हे जपा, मुलं इथे हमखास चुकतात.)

मराठी माणसाला हा शब्द १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापासून नीट ठाऊक आहे. मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय, दहावरून बारा करायचं की नाही यावर पुण्यात केवढं रण माजलं होतं! आगरकर एका बाजूला, टिळक दुसऱ्या. त्या वादात एक गोष्ट मराठीत पक्की झाली: संमती द्यायला नुसतं तोंड असून भागत नाही, कुवत लागते, आणि 'नाही' म्हणण्याची खरी सोय लागते. राजकीय तत्त्वज्ञानात नेमकं हेच हवं असतं. म्हणून माझं मत ठामपणे 'संमती'ला.

'सहमती' अगदी टाकून देऊ नका, लॉकच्या आधीचा इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज, त्याला ती शोभते. १६५१ साली त्याने मांडलेला करार माणसामाणसांतला आहे. सगळे आपसांत ठरवतात की आपापली सत्ता एकाच्या हाती द्यायची. तो एक जण त्या करारात पक्षकारच नसतो, त्यामुळे 'तू करार मोडलास' असं त्याला कोणी म्हणू शकत नाही. लॉककडे सत्ताधारी विश्वस्त आहे. विश्वासघात झाला तर लोकांना सत्ता परत घेता येते.

'मान्यता' मात्र मला खटकते. मराठीत मान्यता वरून खाली येते: शासनमान्य शाळा, विद्यापीठाची मान्यता. अनुमती आणि परवानगी यांचीही तीच दिशा. शिवाय मान्यता बहुतेक वेळा झालेल्या गोष्टीला मिळते. शाळा आधी सुरू होते, मान्यता मागाहून येते. 'जनतेची मान्यता' म्हटलं की शासन आधीच उभं आहे आणि लोकांनी ते निमूट स्वीकारलं, असं चित्र उभं राहतं. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ साली लॉकविरुद्ध हेच मांडलं होतं. तो म्हणतो, इतिहासात जवळजवळ प्रत्येक शासन जिंकून किंवा बळकावून उभं राहिलं. लोकांना सवय झाली, त्यालाच तुम्ही करार म्हणता. म्हणजे 'मान्यता' हा ह्यूमच्या बाजूचा शब्द, तो लॉकच्या तोंडी घातला की वादच विझून जातो. आणि 'अधिमान्यता' आणखी निराळी: शासनाला हुकूम देण्याचा नैतिक अधिकार असणं. लॉकच्या मते अधिमान्यता संमतीतून येते, इतर काहींच्या मते न्यायातून किंवा लोकहितातून. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले की परीक्षेत उत्तर वाहून जातं.

खरी मेख पुढे आहे. आपल्यापैकी कोणीही राज्यसंस्थेला सही करून संमती दिलेली नाही. लॉकलाही हे दिसत होतंच. त्याचं उत्तर असं, की त्या राज्यात जमीन बाळगणारा, तिथे आठवडाभर मुक्काम करणारा, इतकंच काय, तिथल्या हमरस्त्याने मोकळेपणी जाणारासुद्धा न बोलता संमती देतच असतो. आपल्याकडच्या पुस्तकांत हिला 'मूक संमती' किंवा 'गर्भित संमती' म्हणतात. मी 'गर्भित' घेईन. 'मूक' म्हटलं की मुलांना 'मौनं संमतिलक्षणम्' आठवतं आणि गाडी तिथेच थांबते. लॉक गप्प बसण्याबद्दल बोलत नाही, कृतीबद्दल बोलतो: रस्ता वापरलास, संरक्षण घेतलंस, त्यातच होकार आला.

यावर ह्यूम विचारतो, ज्या गरीब शेतकऱ्याला परकी भाषा येत नाही, रोजच्या मजुरीवर ज्याचं पोट आहे, तो देश सोडून जायला मोकळा आहे असं गांभीर्याने म्हणता येईल का? झोपेत जहाजावर उचलून आणलेल्या माणसाला 'जहाजावर आहेस म्हणजे कप्तान तुला कबूल आहे' असं सांगण्यासारखं ते झालं, कारण बाहेर पडायचं तर समुद्रात उडी. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे. लॉक जिला गर्भित संमती म्हणतो ती ह्यूमच्या मते 'गृहीत संमती' आहे. त्या माणसाच्या कृतीत ती नसतेच, दुसऱ्याने ती गृहीत धरलेली असते. 'मला गृहीत धरू नका' हे घराघरांत ऐकू येणारं वाक्य आहे, तेव्हा मुलांना हा फरक एका मिनिटात कळेल.

आता 'कौल'. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मूळ अरबी, अर्थ 'शब्द', 'वचन'. 'कौलकरार' या जोडशब्दात तो अजून दिसतो. (छपराचं कौल नपुंसकलिंगी, त्याचा याच्याशी संबंध नाही.) मराठेकालीन कागदांत कौल सरकार देतं आणि रयत घेते. दुष्काळाने किंवा लढाईने गाव ओस पडलं, कुळं परागंदा झाली, की त्यांना परत आणण्यासाठी कौलनामा निघे: या, जमीन करा, पहिली काही वर्षं सारा हलका लावू, मग दरसाल चढवत पुऱ्या दरावर नेऊ. या चढत्या साऱ्याला 'इस्तावा' म्हणत. जमीन भरपूर आणि कसणारे हात कमी, अशा काळात ह्यूमच्या शेतकऱ्याला नसलेली सोय इथल्या कुळाला काही अंशी होती. ते उठून शेजारच्या मुलखात जाऊ शकत होतं, आणि ते गेलं की सरकारला वचन देऊन त्याला बोलवावं लागे. वतनदाराला (गावात वंशपरंपरेचा हक्क असलेल्याला) ते इतकं सोपं नव्हतं, त्याचा पाय वतनात अडकलेला. म्हणून याला लोकशाही म्हणू नका. पण संमती मागे घेता येत असेल तरच तिला वजन येतं, हे त्या कौलनाम्यांत उघड दिसतं.

आज दिशा उलटली आहे. लोक कौल देतात, सरकार घेतं. 'जनतेने कौल दिला' हे आपण निकालाच्या दिवशी म्हणतो.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. 'जनमत कौल' लिहा. राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. अनुच्छेद ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. गोव्यासाठी १९६६ साली खास कायदा करून लोकांचं मत अजमावलं गेलं. सार्वमत म्हटलं की निकाल कायद्याने बंधनकारक होता असं वाटू शकतं. 'जनमत चाचणी' मात्र टाळा, त्याने हल्ली निवडणुकीआधीची पाहणी समजते.

प्रतिसाद

दादा, मी गोव्यातली. तुम्ही कौलाचा एक अर्थ सोडलात आणि आमच्याकडे तोच पहिला. देवाला कौल लावतात. गाऱ्हाणं घालायचं, मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा पानं चिकटवायची आणि कुठली पडते ते बघायचं. उजवा कौल म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार. कोकणातही हेच आहे. इथे प्रश्न आधी नीट शब्दांत मांडावा लागतो, कारण देव विचारलेल्याचंच उत्तर देतो.

१६ जानेवारी १९६७ ला दोनच पर्याय होते. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित राहण्याची खूण दोन पानं. केंद्रशासितच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. ३४,०२१ चा फरक. स्वतंत्र घटकराज्य हवं असलेल्यालाही तेव्हा दोन पानांवरच शिक्का मारावा लागला, तिसरा पर्याय नव्हता. घटकराज्य मिळालं ३० मे १९८७ ला.

आणि मत कोणाला होतं? मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांनाही मत द्या अशी मागणी झाली होती, ती मान्य झाली नाही. ताई, हा भाग मुलांना जरूर सांगा. 'शासितांची संमती' म्हणताना शासित कोण हे मोजणीआधीच कोणीतरी ठरवलेलं असतं.

प्रतिसाद

फार चांगली भर, धन्यवाद. तुमच्याच मुद्द्याला जोडून सांगतो. विलीनीकरण हेच ध्येय असलेल्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी, मतदान निःपक्षपाती व्हावं या मागणीनंतर, डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. कौल त्यांच्याविरुद्ध गेला. तरी त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत त्यांचाच पक्ष निवडून आला आणि ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. 'लोकांनी आपलंच मत फिरवलं' असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे. एकदा विचारलं होतं, तुमच्या प्रदेशाचं राजकीय घर कोणतं? दुसऱ्यांदा विचारलं, कारभार कोणी करावा? सरकारला दिलेली संमती आणि आपण कोण आहोत याबद्दलचा निर्णय हे वेगळे असू शकतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला आपल्या आसपास दुसरं दिसत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. यातूनच पुढचा प्रश्न निघतो. 'आपण कोण' याला पाठ्यपुस्तकात 'राष्ट्र' म्हटलंय. गोव्याच्या बाबतीत तो शब्द लावता येईल का? आणि राष्ट्र, राज्य, देश यांत रेघ कुठे ओढायची?

प्रतिसाद

गोव्याला लावू नका. १९६७ मध्ये भारतात राहायचं की नाही हे विचारलंच नव्हतं. विचारलं ते घटकराज्यांच्या पातळीवरचं. मराठीत 'राज्य' या एका शब्दावर फार ओझं पडतं: महाराष्ट्र हेही राज्य आणि हॉब्ज-लॉक बोलतात तेही राज्य. म्हणून तत्त्वज्ञानाच्या टिपणात 'राज्यसंस्था' आणि संघराज्याच्या टिपणात 'घटकराज्य' असं कटाक्षाने लिहा. 'सरकार' बदलतं, राज्यसंस्था राहते. 'देश' भूमीशी आणि मायेशी बांधलेला शब्द. कोकणी माणूस अजूनही घाटावरच्या मुलखाला देश म्हणतो, त्यामुळे शास्त्रीय लेखनात त्यावर फार भार टाकू नये.

'राष्ट्र' जुना आहे, पण त्याचा आजचा अर्थ जुना नाही. मनुस्मृतीतल्या सप्तांगांत, म्हणजे राज्याच्या सात अंगांत, स्वामी, अमात्य, पुर, राष्ट्र, कोश, दंड, सुहृद अशी यादी येते. तिथे राष्ट्र म्हणजे राजाच्या ताब्यातला मुलूख आणि त्यातली प्रजा. राजाच्या मालमत्तेतलं एक अंग. एकोणिसाव्या शतकात याच शब्दाला आपण 'स्वतःवर राज्य करण्याचा हक्क असलेला समाज' हा अर्थ दिला, आणि १८८५ ची काँग्रेस मराठीत 'राष्ट्रीय सभा' झाली. जे राजाचं अंग होतं तेच धनी झालं. कौलाची दिशा उलटली तशी याचीही.

राष्ट्र कशाने बनतं यावर मुलांना फ्रेंच विचारवंत रेनाँ द्या. ११ मार्च १८८२ ला पॅरिसमध्ये त्याने व्याख्यान दिलं. पाठीमागे जखम ताजी होती: १८७०-७१ च्या युद्धानंतर जर्मनीने फ्रान्सकडून अल्सास आणि लोरेनचा बराचसा भाग घेतला होता, आणि तिथले बरेच लोक जर्मन वळणाची बोली बोलतात, सबब ते जर्मन, असा युक्तिवाद चालू होता. रेनाँ म्हणाला, वंश, भाषा, धर्म, हितसंबंध, भूगोल यांपैकी कशानेही राष्ट्र ठरत नाही. स्वित्झर्लंडकडे बघा, भाषा अनेक, राष्ट्र एक. एकत्र भोगलेला भूतकाळ आणि पुढेही एकत्र राहण्याची इच्छा, या दोन गोष्टी लागतात. मग ते प्रसिद्ध वाक्य, उपमेबद्दल आधी क्षमा मागून: राष्ट्राचं अस्तित्व म्हणजे रोजचं सार्वमत. इथे मात्र 'सार्वमत'च हवं. आणि बघा, १९६७ च्या प्रचारात कोकणी ही मराठीची बोली आहे की स्वतंत्र भाषा, यावर केवढी ताकद खर्ची पडली. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. मराठी भाषक म्हणून मला मनापासून वाटतं, की भाषा मराठीच्या कितीही जवळची ठरली असती, तरी माणसांना विचारल्याशिवाय त्यांचं घर ठरवणं गैरच झालं असतं.

बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषणही सोबत वाचा. हजारो जातींत वाटलेले लोक राष्ट्र कसे असू शकतील, असं त्यांनी विचारलं. आपण अजून राष्ट्र झालेलो नाही हे जितक्या लवकर उमजेल तितकं बरं, असंही म्हणाले. रेनाँची 'एकत्र राहण्याची इच्छा' रोजच्या वागण्यात दिसते की नाही, हे त्यांनी बंधुतेच्या कसोटीवर तपासलं.

वर्गात एक करता येईल. उद्देशिका फळ्यावर लिहा: 'आम्ही, भारताचे लोक' पासून 'स्वतःप्रत अर्पण' पर्यंत. मग सांगा, की संविधान सभा १९४६ मध्ये प्रांतिक विधिमंडळांनी निवडली होती आणि त्या विधिमंडळांसाठी मत फक्त मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यांनाच होतं. प्रौढ मतदानाने पहिली निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. आता मुलांना विचारा, त्या 'आम्ही'ने दिली ती संमती, गृहीत संमती, की मागाहूनची मान्यता? बाजू कोणतीही घेऊ द्या, पण शब्दाला कारण मागा. मी स्वतः म्हणेन, १९४९ ला ती बरीचशी गृहीत होती आणि १९५२ च्या मतदानाच्या रांगांत तिला पहिला खरा आधार मिळाला. तुमच्या मुलांपैकी कोणी याला विरोध केला तर त्यांचा युक्तिवाद इथे जरूर लिहा.